हप्ता मंगळवारी, पट्टी दिवाळीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कांद्याचा किंवा टोमॅटोचा भाव पडला की रस्त्यावर ओतलेल्या मालाचा फोटो छापून येतो. तो फोटो खराच असतो. पण ज्या घरातून तो माल गेला, त्या घराची ओढाताण त्या दिवशी सुरू झालेली नसते आणि त्या दिवशी संपतही नाही. शिरूर, आंबेगाव, खेड या भागातल्या बचत गटांच्या वह्या वर्षानुवर्षे चाळल्या की एकच गोष्ट पानोपानी दिसते. पैसा कमी पडतो म्हणून घर अडतंच, पण तितकंच ते पैसा अवेळी येतो म्हणून अडतं. शेतीचा पैसा वर्षातून तीन-चारदा येतो. भाद्रपद-आश्विनात मूग, बाजरी, सोयाबीन, माघ-फाल्गुनात ज्वारी आणि रांगडा कांदा, चैत्र-वैशाखात उन्हाळी कांदा. जाणारा पैसा मात्र आठवड्याच्या बाजाराला, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या दर मंगळवारच्या हप्त्याला, महिन्याच्या गॅसला आणि ३१ मार्चला जातो. या दोन पंचांगांचा मेळ बसत नाही आणि तो बसवायचं काम घरातल्या बाईकडे येतं. तिच्याकडे ना सातबारा असतो, ना पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशाची अडत्याकडची चिठ्ठी.

म्हणून पहिलं काम वहीचं. एक पान आडवं धरून बारा महिन्यांचे बारा रकाने आखावेत. वर येणारा पैसा: दुधाचं बिल, मजुरी, पट्टी, लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये, कुणी चाकण किंवा रांजणगावला कामाला जात असेल तर तो पगार. खाली जाणारा: किराणा, वीज, दवाखाना, शाळा, बी-खत, आहेर आणि सगळे हप्ते. हे पान बहुतेक घरांत तीन ठिकाणी चुकतं. घरधन्याने घेतलेले हातउसने त्यात येत नाहीत, कारण ते त्याने घरात सांगितलेलेच नसतात. कृषी सेवा केंद्राची उधारी येत नाही, कारण ती ‘कर्ज’ वाटत नाही. प्रत्यक्षात रोखीच्या आणि उधारीच्या भावातला फरक हेच तिचं व्याज असतं. आणि दूध बाराही महिने सारखंच धरलं जातं, गाय दोन महिने आटलेली असते हे विसरून. हे पान नवरा, सासू-सासरे आणि कमावता मुलगा यांना समोर बसवूनच भरावं. एकटीने भरलेलं पान अर्धंच असतं. भरून झालं की दिसतं, खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा होतो तो जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये. बी-खत, पेरणीची मजुरी, वह्या-पुस्तकं, गणवेश सगळं तेव्हाच येतं आणि शेतातून काहीच येत नाही.

चाळीत साठवलेल्या कांद्याकडे पाहायचं ते याच पानावरून. भाव वाढेल या आशेने सगळा कांदा दिवाळीपर्यंत धरून ठेवायचा आणि मधल्या महिन्यांचा खर्च व्याजाच्या पैशाने भागवायचा, ही आपल्या भागातली सगळ्यात महाग सवय आहे. हिशेब सोपा आहे. समजा एप्रिलमध्ये १०० क्विंटल कांदा निघाला आणि भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे. त्या दिवशी त्याची किंमत १ लाख २० हजार. ऑक्टोबरपर्यंत घट, सड आणि कोंब जाऊन ७० क्विंटल हाती लागला, तर तेवढेच पैसे होण्यासाठी भाव १,७१५ लागतो. त्यात घर चालवायला ५० हजार रुपये महिना शेकडा पाचने सहा महिने उचलले असतील तर व्याज १५ हजार. मग बरोबरी व्हायलाच १,९३० चा भाव हवा. तोही कधी कधी मिळतो. पण निर्यातीचं धोरण कधी फिरेल ते चाळीला कळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठून पुन्हा ४० टक्के, सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क माफ. दोन वर्षांच्या आत इतके फेरे झाले.

म्हणून तीन वाटे करावेत. पहिला वाटा काढणीलाच विकावा. गोल्टी (अगदी बारीक कांदा), जोडकांदा, जाड मानेचा कांदा असा न टिकणारा सगळा माल याच वाट्यात जावा आणि त्या पट्टीतून महिन्याच्या व्याजाचं देणं आधी फेडावं. दुसरा वाटा जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत, पेरणी आणि शाळेसाठी. उरलेला तिसरा वाटा भावासाठी थांबवावा, कारण त्याच्यावर घर अवलंबून राहिलेलं नसतं. भाव पडलेला असतानाही पहिला वाटा विकणं जिवावर येतं, हे मान्य आहे. पण शेकडा पाचचं व्याज थांबवणं म्हणजे महिन्याला पाच टक्के कमावणंच आहे, आणि ती कमाई पक्की असते.

तिसरा वाटा टिकायचा तर काम शेतातच सुरू होतं. नत्राचे सगळे हप्ते लागवडीपासून साठ दिवसांच्या आत संपवावेत. उशिरा युरिया टाकला की मान जाड राहते आणि सड तिथूनच शिरते. काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडावं, निम्म्या माना पडल्या की काढावा. पातीसकट तीन-चार दिवस शेतात असा पसरावा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. इंचभर मान ठेवून पात कापावी, मग दहा-बारा दिवस सावलीत. मान पिळून पाहिली तर आत ओल लागता कामा नये. चाळीत थर पाच फुटांच्या वर नको. खालचा कांदा दबतो, वारा लागत नाही आणि वास येईपर्यंत आतला ढीग गेलेला असतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण साठवणीला चांगले आहेत. घरचं बी धरणाऱ्यांनी निदान जोडकांद्याचं बी धरू नये.

आता ३१ मार्च. गावच्या सहकारी विकास सोसायटीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं, तारीख हुकली की सवलत जाते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावोगाव ‘नवं-जुनं’ होतं: बाहेरून पैसे उचलायचे, जुनं भरायचं, नवं कर्ज मिळालं की बाहेरचे परत करायचे. कागदावर आठ दिवसांचा खेळ. पण नवं कर्ज हातात पडायला वीस-पंचवीस दिवस गेले तर बाहेरचा माणूस पूर्ण महिन्याचं व्याज घेतो. एक लाखाला पाच हजार. शून्य टक्क्याचं कर्ज असं पाच टक्क्यांना पडतं आणि हे पाच हजार कुठल्याच वहीत येत नाहीत. ज्यांच्याकडे रांगडा कांदा किंवा ज्वारी आहे त्यांनी ती पट्टी फेब्रुवारीतच सोसायटीच्या नावाने वेगळी ठेवावी. आपल्या कर्जाची नेमकी फेडीची तारीख सचिवाकडून लिहूनच घ्यावी. खरिपाची आणि रब्बीची तारीख एकच असेल असं गृहीत धरू नये.

बाहेरून घ्यायचेच झाले तर कायदा माहीत हवा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ. कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर आणि ‘पैसे दिले की परत फिरवून देतो’ असं तोंडी सांगून केलेलं खरेदीखत, यातलं काहीही मागितलं तर तिथून उठावं. असं खरेदीखत झालं असेल तर सहकार खात्याच्या तालुका सहायक निबंधकाकडे अर्ज करता येतो, चौकशीत अवैध सावकारी सिद्ध झाली तर जिल्हा निबंधक जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो. जमिनीपेक्षा दागिना गहाण टाकलेला बरा, आणि तोही बँकेत. पावतीवर एकूण वजन, खडे-मणी-लाख वगळून निव्वळ वजन आणि कॅरेट ही तिन्ही लिहिलेली आहेत ना, हे खिडकीवरून हलायच्या आधी वाचावं.

सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या, बायकांच्या नावावरच्या आठवडी हप्त्यांबद्दल सविस्तर लिहिणं गरजेचं आहे, कारण सगळ्यात जास्त घरं आज तिथे अडकली आहेत. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज हे सूक्ष्म कर्ज. त्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून (सोसायटी, गाडी, दुसऱ्या कंपन्या, सगळे) महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. एक घर पाहू. उत्पन्न महिन्याला १४ हजार, म्हणजे मर्यादा ७ हजार. तीन कंपन्यांचे आठवड्याचे हप्ते ६५०, ७२० आणि ५८०, मिळून १,९५०. वर्षाचे बावन्न आठवडे धरून महिन्याला ८,४५० होतात. म्हणजे तिसरं कर्ज द्यायलाच नको होतं. ते दिलं जातं कारण अर्जावर उत्पन्न २२ हजार लिहिलेलं असतं आणि बाई न वाचता सही करते. अर्जातला उत्पन्नाचा आकडा स्वतः वाचावा, चुकीचा असेल तर दुरुस्त करायला लावावा. कर्ज मिळालं नाही तरी चालेल. चौथ्या कर्जाने तिसऱ्याचा हप्ता भरणारं घर सहा महिन्यांत दागिन्यावर येतं, वर्षभरात बैलावर नाहीतर गाईवर.

याच नियमांत आणखी एक ओळ आहे, जी वसुलीला येणारा माणूस कधी सांगत नाही. हप्ता किती दिवसांनी असावा याबद्दल कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचिकता देण्याचं धोरण प्रत्येक कंपनीने ठेवलं पाहिजे. दुधाचं बिल दहा दिवसांनी येत असेल तर मंगळवारचा हप्ता कशासाठी? कर्ज घेतानाच महिन्याचा हप्ता लेखी मागावा. मराठीत छापलेली माहितीपत्रिका मागावी आणि त्यावर सगळे शुल्क धरून वार्षिक दर पाहावा. ‘दोन टक्के’ हा शब्द फसवा आहे. ५० हजारांचं दोन वर्षांचं कर्ज महिना दोन टक्क्यांनी घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता साधारण २,६४५ आणि एकूण व्याज साडेतेरा हजारांच्या आत. तेच सपाट दराने असेल तर हप्ता ३,०८३ आणि व्याज २४ हजार. विम्याची सक्ती करता येत नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हप्ता थकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. वसुली ठरलेल्या जागीच. लागोपाठ दोनदा बाई तिथे आली नाही तरच माणूस घरी येऊ शकतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करावी, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याचा संपर्क क्रमांक १४४४८.

गटातून घेतलेलं कर्जही महिना दोन टक्क्यांचंच असतं, मग फरक काय, असं पुष्कळ जणी विचारतात. फरक हा की ते व्याज गटाच्या शिलकीत जमा होतं आणि वर्षाअखेरीस आपल्यातच राहतं. शिवाय पेरणीच्या दोन महिन्यांत फक्त व्याज आणि मुद्दल पट्टीनंतर, असा ठराव गट स्वतःच्या बैठकीत करू शकतो. एवढा ठराव इतिवृत्तात लिहिला तरी पुष्कळ घरांचा जून सुटतो. पैसे हातात आले की फेडीचा क्रमही तिथेच ठरवावा: आधी शेकड्याचं, मग कंपनीचं, मग बाकीचं. जो जास्त ओरडतो त्याला आधी, असं होऊ देऊ नये.

दुधाचं बिल हा शेतीतून घरात नियमित येणारा एकमेव पैसा. दहा लिटर देणारी संकरित गाय दहा दिवसांत १०० लिटर दूध घालते. ३२ रुपये धरले तर ३,२०० रुपये. तिला अंगपोसाला दीड किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम असं साडेपाच किलो पशुखाद्य रोज लागतं, दहा दिवसांना ५५ किलो. पन्नास किलोचं पोतं १,७०० ला असेल तर १,८७० रुपये खाद्यालाच गेले. उरलेल्या १,३३० मध्ये चारा, डॉक्टर आणि घर. पैसे कमी पडले की हात पहिला पोत्यावर जातो, आणि तिथेच घात होतो. विलेल्या गाईचं पहिल्या शंभर दिवसांत खाद्य तोडलं की दूध तर घटतंच, पण ती वेळेवर माजावर येत नाही. एक माज चुकला की २१ दिवस गेले, दोन चुकले की दीड महिना; तेवढं वेत लांबतं, तितके दिवस आटलेली गाय फुकट पोसावी लागते. माजाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहावी आणि पुढे अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत पहाटे आणि रात्री निजताना गोठ्यात नजर टाकावी. माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, हे मात्र कधीच तोडू नये.

खर्च वाचवायचाच तर तो मुरघासाने, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याने वाचतो. चैत्र ते ज्येष्ठ कडबा महाग होतो, त्यातल्या दोन महिन्यांना एका गाईला रोज १५ किलोप्रमाणे ९०० किलो, म्हणजे टनाची एक बॅग पुरते. मका चिकात आला की कापावा, कुट्टी अर्धा ते पाऊण इंचाची. मूठभर कुट्टी घट्ट दाबून मूठ उघडावी. पाणी गळलं तर मका ओला आहे, अर्धा दिवस सुकू द्यावा, नाहीतर घास आंबून काळा पडतो. गोळा लगेच विस्कटला तर फार वाळलाय, त्यात हवा राहून बुरशी येणार. गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. वीतभर थर टाकून कोपऱ्यांसकट पायांनी तुडवावा. बहुतेक बॅगा कोपऱ्यातच खराब होतात. तोंड घट्ट बांधावं, उंदराने भोक पाडलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावावी. पंचेचाळीस दिवसांनी उघडावी. आंबूस-गोड वास म्हणजे जमलं. बुरशीचा भाग टाकून द्यावा, गाभण गाईला तर अजिबात देऊ नये.

घरच्या धान्याचं थोडक्यात. पाच माणसांना रोज दीड किलो धान्य धरलं तर महिन्याला ४५ किलो. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो मोफत मिळतं, उरले २० किलो. म्हणजे वर्षाला अडीच क्विंटल ज्वारी-बाजरी घरात राहिलीच पाहिजे. ती विकून मग दळलेलं पीठ विकत आणणं परवडत नाही. धान्य दोन-तीन उन्हं दाखवून, रात्रभर निवू देऊन मगच कोठीत भरावं. गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि जाळी धरते. दाणा दाताखाली ‘कट्’ वाजला पाहिजे. किडीसाठी मिळणारी विषारी गोळी माणसं झोपतात त्या घरात कधीही ठेवू नका. तिचा वायू बंद खोलीत लहान मुलांचा जीव घेतो, आणि धान्य बहुतेक घरांत निजायच्या खोलीतच असतं. वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि महिन्यातून एकदा कोठी उघडून पाहणं, एवढं घरच्या धान्याला पुरतं. रेशनकार्डावर नव्या सुनेचं आणि बाळाचं नाव, आणि प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का, हेही एकदा तपासावं.

अडचणीच्या वर्षात मुलीची शाळा पहिली सुटते. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे. हा खर्च पानावर शून्य दाखवून घरच्यांसमोर ठेवला तर निम्मा वाद मिटतो.

आमच्या तीन मागण्या आहेत. दूध संस्थांनी बिल गाय सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा करावं आणि पशुखाद्याची कपात चिठ्ठीवर वेगळी लिहून द्यावी. सोसायट्यांनी ३१ मार्चला जुनं भरणाऱ्याला नवं कर्ज किती दिवसांत देणार, ते आधी फलकावर लावावं. आणि आपल्या वृत्तपत्राने तालुका पानावर मंचर-चाकणच्या कांद्याचा भाव छापताना त्याच चौकटीत मार्च आणि जून महिन्यांत पीककर्ज फेडीच्या तारखा आणि १४४४८ हा क्रमांक छापावा. आठवड्याच्या बाजारात भाजी बांधून येणारा कागद त्याच पानाचा असतो आणि तो घराघरांत वाचला जातो.

आपल्या,
बचत गटांचे हिशेब लिहिणाऱ्या काही जणी,
शिरूर आणि आंबेगाव तालुका, जि. पुणे